मेथीच्या जुडीचं रबर

कोकिळाबाईंनी डिंपलच्या तोंडात अंगठा घातला तो माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत आणि मला न विचारता. वरचा ओठ नखाने वर सारून त्यांनी पुढच्या दोन दातांमधली फट मला दाखवली. म्हणाल्या, "हे पाहा डाक्टरीन बाई. याच्यातून तं कोथिंबिरीची काडी आरपार जाईन." मोताळ्याच्या बाजारात बैलाचे दात बघणारा माणूस निदान आधी त्याच्या पाठीवरून हात तरी फिरवतो. या बाईने तेवढंही केलं नाही.

मी दातांची डॉक्टर. मोताळ्यात एका कृषी केंद्राच्या माडीवर माझा दवाखाना आहे. खालून खतांचा वास येतो, वर लवंगतेलाचा असतो. गिऱ्हाईक सगळं शेतातलं, त्यामुळे दात दुखायला लागल्यावर नाही, तर दुखून दुखून झोप उडाल्यावर लोक येतात. मी बोलायला फटकळ आहे असं तालुक्यात म्हणतात. खरं आहे ते, आणि मला त्याची लाज नाही.

डिंपल ही रोहिणखेडच्या शंकररावांची मुलगी. घरचा भाजीपाला, मेथी, पालक, कोथिंबीर. माझ्याकडे मदतीला असलेली पुष्पांजली तिची सख्खी मावशी, म्हणून पोरीला मी लहानपणापासून ओळखत होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दातातली फट तिला कधी खुपली नव्हती. उलट त्या फटीतून ती अशी शिट्टी मारायची की हरभऱ्यावर बसलेले रावे बांधापलीकडे उडून जायचे. हसायची तर तोंडभर. असं हसणाऱ्या मुलीला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन परत जात होते, एक स्थळ झालं, दोन झाली, आणि नकाराचं कारण प्रत्येक वेळी मध्यस्थाकडून कळायचं, दात. मग वडनेर भोलजीचं स्थळ आलं. मुलगा हर्षल, नांदुऱ्याला मोबाईल टॉवरच्या कंपनीत सुपरवायझर. त्याला मुलगी पसंत पडली. पण त्याच्या आईला, म्हणजे कोकिळाबाईंना, फट पसंत पडली नाही.

"फट असली का घरातली लक्ष्मी गळते," त्या मला म्हणाल्या. "पोरगी वाईट नाई. पन साक्षगंधाले आमचे पाहुणे येतीन, फोटो निघतीन. तोवर ते फट बंद करून द्या."

"साक्षगंध कधी हाये?"

"पंधरवड्यानं."

मला हसू आलं, आणि ते त्यांना दिसलं. "बाई, वर्ष लागीन," मी म्हटलं. "लय घाई केली तरी आठ-दहा महिने. त्याच्यानंतर दात पुन्हा फाकू नाही म्हणून मागून तार ठेवावी लागते."

"वरीस? रस्त्यावरचा पूल होते वर्षात."

"पूल मेलेल्या दगडाचा असते. दात जित्या हाडात रायते."

शंकरराव दाराशी उभे होते. त्यांना तरी समजावं म्हणून मी दिव्याची काच पुसता पुसता सांगितलं. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्या मधे बारीक धाग्यांचा एक मऊ थर असतो, कागदाएवढा पातळ. त्यात रक्त फिरतं, त्यात जिवंत पेशी असतात. दाताला हलका दाब दिला की ज्या बाजूला थर दाबला जातो तिकडच्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना बोलावतात आणि ज्या बाजूला धागे ताणले जातात तिकडे नवं हाड भरलं जातं. दात असा सरकतो. "तुमी मेथीचं रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावता, तसं नाही हे," मी शंकररावांना म्हटलं. "रोप उभंच ठेवायचं, पुढची माती थोडी थोडी उकरायची, मागं थोडी थोडी भरायची, आणि रोपाला कळू द्यायचं नाही. जोर लावला का त्या थरातलं रक्त थांबते. रक्त थांबलं का पेशी मरते. पेशी मेली का दात सरकत तं नाहीच, उलट मुळासकट खलास होते."

शंकररावांनी मान हलवली. त्यांना समजलं होतं असं मला वाटलं. कोकिळाबाई तोवर भिंतीवरची पाटी वाचत होत्या, डॉ. समता माणिकराव इंगळे. पूर्ण नाव वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा जरा बदलला. पुष्पांजलीने सगळ्यांना माठातलं पाणी दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मले तहान नाई." बाहेर मे महिना नव्हता हे खरं, पण त्या वडनेरहून धूळ खात आल्या होत्या, आणि खाली उतरल्यावर त्यांनी टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, हे मी खिडकीतून पाहिलं. सुनेच्या तोंडात माझी बोटं चालत होती, माझ्या माठातलं पाणी चालत नव्हतं. असली माणसं मला नवी नाहीत, म्हणून मी त्याचा राग तिथल्या तिथे गिळला.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण इथेच सांगते.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी साड्या ठरवायच्या म्हणून कोकिळाबाई रोहिणखेडला गेल्या. घरासमोर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. पूर्वी जुडी केळीच्या सोपटाने बांधत, आता बारीक रबरं आली आहेत, किलोच्या हिशेबाने मिळतात. डब्यातलं एक रबर कोकिळाबाईंनी बोटाला गुंडाळलं, ताणून पाहिलं आणि मोबाईल काढला. त्यावर कुठल्या तरी परदेशी पोरीचा व्हिडिओ होता. दातांना रबर लावून पोरगी हसते, खाली आठवड्याचे वार सरकत जातात, फट मिटते. "पाय," त्या डिंपलला म्हणाल्या, "तुही डाक्टरीन वरीस मांगते. हे पोट्टी फुकटात करून राह्यली." डिंपलच्या आईने डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते हळूच आठवून दिलं. त्यावर कोकिळाबाई म्हणाल्या, "डाक्टर लोकाईले काय, वरीसभर खेटे घालाले लावते." आणि शंकरराव, ज्यांना मी मातीचं उदाहरण देऊन समजावलं होतं ते शंकरराव, त्यांनी रबराचा दुसरा डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यात नवी, जास्त बारीक रबरं होती.

कोकिळाबाईंनी स्वतःच्या हाताने रबर दुहेरी करून डिंपलच्या पुढच्या दोन दातांना घातलं. वर हिरडीपर्यंत सरकवलं, म्हणजे दिसणार नाही. पोरीच्या डोळ्यातून पाणी आलं. "दुखते तं काम करते," त्या म्हणाल्या.

आणि काम झालं! हेच त्यातलं सगळ्यात वाईट. आठवड्याच्या आत फट मिटली. दातांची टोकं एकमेकांना चिकटली, मुळं जिथल्या तिथे होती, पण मुळं कोण बघतं? साक्षगंध थाटात झालं. दुसऱ्या दिवशी पुष्पांजली माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. कोकिळाबाईंनी पाठवला होता, निरोपासकट. डाक्टरीन बाईले सांगजो, वरीस नाई लागत. पुष्पांजलीने मोबाईलवर फोटो दाखवला. डिंपल हिरव्या शालूत, दात दाखवून हसत होती आणि दातांत फट नव्हती.

मी पेढा खाल्ला नाही. "कोणी केलं हे?" मी विचारलं.

"दुसऱ्या डाक्टरनं केलं म्हने," पुष्पांजली म्हणाली. तिलाही तेवढंच सांगितलं होतं.

मी डिंपलला फोन लावला. तीही तेच म्हणाली, घोकून ठेवलेल्या धड्यासारखं, आणि डॉक्टरचं नाव विचारल्यावर फोन ठेवला. मला राग आला. वाटलं, जाऊ दे, गरज त्यांना आहे, मला नाही. दुसऱ्याच्या हातचं काम बिघडलं की लोक आपोआप माझ्या जिन्यावर येतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

इकडे एका सकाळी डिंपलने आरशात पाहिलं तर रबर नव्हतं. घरभर शोधलं. कोकिळाबाईंना फोन केला, सासू म्हणून ती त्यांना आत्याबाई म्हणायची. "गिळलं असशीन झोपेत," त्या म्हणाल्या. "फट मिटली ना? मंग रबराचं काय लोनचं घालतं?" सगळे निर्धास्त झाले. रबर कुणी गिळलं नव्हतं. ते हिरडीच्या आत गेलं होतं.

मुळा किंवा गाजर यांच्या जाड भागावर रबर चढवून ठेवा आणि थोड्या वेळाने बघा. ते आपोआप निमुळत्या टोकाकडे सरकतं. दाताचं मूळही निमुळतं असतं. त्या दोन मुळांभोवती ते रबर रोज थोडं थोडं वर चढत राहिलं, आणि चढताना दाताला हाडात धरून ठेवणारा तो मऊ थर आजूबाजूने कापत गेलं. दाबाखाली रक्त थांबलं, पेशी मेल्या, शरीराने मेलेलं साफ करायला घेतलं आणि त्याबरोबर भोवतालचं हाडही गेलं. पोरगी तिकडे लग्नाच्या साड्यांना फॉल लावत होती.

आधी हिरडी सुजली. मग दात लांब दिसायला लागले, मग बोलताना लागायला लागले. शिट्टी तर गेलीच होती, आता 'स' म्हणताना जीभ अडखळायला लागली. आईने मिठाच्या गुळण्या दिल्या, हळद लावली. कोकिळाबाईंचा फोनवरून सल्ला होता, दाढेनं खाय, हसू नोको, आन् कोनाजवळ बोलू नोको, लगन जवळ आलं. हर्षल रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि ती ओढणीचं टोक ओठांवर धरून बोलायची. त्याला ती लाजते असं वाटायचं.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना पुष्पांजली रोहिणखेडला बहिणीकडे गेली, भाचीला पाहिलं आणि कुणाला न विचारता तिला घेऊन थेट माझ्याकडे आली.

मी खुर्ची मागे केली आणि दिवा लावला. दोन्ही दात बोटाने हलत होते, पुढेमागे तर हलतच होते, वर दाबले तर वरही जात होते. हिरडीतून पू येत होता. एक्स-रे काढला. मुळांभोवती जिथे पांढरं हाड दिसायला हवं तिथे काळं होतं, जवळजवळ टोकापर्यंत. मी सुई दिली, हिरडी बाजूला केली, चिमटा आत घातला आणि ओढलं. निळं रबर बाहेर आलं. पुष्पांजलीने बहिणीच्या घरी मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या. तिने ते बघताच ओळखलं.

"कोनं घातलं हे?" मी विचारलं.

डिंपलने सगळं सांगितलं. मघाशी सांगितलं ते सगळं मला त्या दिवशी कळलं. सांगताना ती रडली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं, "मॅडम, दात वाचतीन ना? दात गेले तं ते मले नाही नेनार."

मला तिच्या नेण्या-न नेण्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण दातांशी होतं. आशा अगदीच मेलेली नव्हती. मुळांच्या टोकाशी थोडंसं हाड शिल्लक होतं, आणि टोकाशी थर जिवंत असेल तर कधीकधी, अगदी कधीकधी, शरीर पुन्हा धागे धरतं. पण त्यासाठी दातांना पूर्ण विश्रांती हवी. मी हिरडीच्या आतलं सगळं साफ केलं आणि बारीक तारेने ते दोन दात शेजारच्या पक्क्या दातांना मागून बांधले. "सहा महिने या दातांनी काही चावायचं नाही," मी तिला म्हटलं. "भाकर नाही, पेरू नाही, नखसुद्धा नाही. यांच्यावर जोर पडला का खेळ खतम. आणि लग्न पुढं ढकलायचं."

शंकररावांना बोलावलं. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्यांना दाखवला. त्यांनी बघितलं. "पत्रिका वाटल्या मॅडम," ते म्हणाले. "हॉल घेतला. आता कसं म्हनू?"

"मी म्हनते ना. मी सांगते त्याईले."

"नोको मॅडम. त्याईनं नाही म्हटलं तं?"

लग्न पुढे ढकललं गेलं नाही. पण कोकिळाबाई आल्या. पोरगी कुठल्या डॉक्टरकडे गेली ते त्यांना कळलं होतं, त्या हर्षलला घेऊन दुसऱ्याच दिवशी माझ्या जिन्यावर हजर झाल्या. दवाखान्यात चार पेशंट बसले होते. मी कुणाची पर्वा केली नाही. रबर काचेच्या बशीत ठेवून त्यांच्यासमोर धरलं आणि जे बोलायचं ते बोलले. अडाणीपणा वेगळा आणि मस्ती वेगळी, म्हटलं. दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडावर तुम्ही व्हिडिओचे प्रयोग करता, म्हटलं. आपल्या पोराच्या दाताला बांधलं असतं का हे रबर? हर्षल खाली बघत होता. कोकिळाबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि बाकावर बसलेल्या त्यांच्याच ओळखीच्या एका बाईने तोंडाला पदर लावला. मी तरीही थांबले नाही. दोघांनाही बजावून सांगितलं, "दात तारेवर आहेत. एक झटका बसला का येतीन बाहेर. लग्नात तो विडा तोडायचा खेळ असते ना, तो करायचा नाही. कळलं?"

"कळलं," हर्षल म्हणाला.

जाताना जिन्यात थांबून कोकिळाबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चारचौघांत बोलले ते बोलले. आजही तेच बोलेन.

लग्न मोताळ्यातल्याच मंगल कार्यालयात होतं. पुष्पांजलीने गळ घातली म्हणून मी गेले, आणि दातांची काळजी होती म्हणूनही गेले. त्या तीन आठवड्यांत दोनदा तपासलं होतं. सूज उतरली होती, पू थांबला होता, आणि दुसऱ्या वेळी उजवा दात मला किंचित, अगदी किंचित, कमी हलतोय असं वाटलं होतं. मी ते डिंपलला सांगितलं, तेव्हा ती ओठ मिटून हसली होती. पंगतीत तिला वरण-भात कालवून दिला. मंगळसूत्र झालं, सप्तपदी झाली. सगळं सुरळीत पार पडतंय असं बघून मी निघायच्या बेतात होते.

पूर्वी विडा तोडणं नवऱ्या मुलाच्या घरी, बायकांच्या घोळक्यात व्हायचं. आता कॅमेरावाला एकाच दिवसाचा असतो म्हणून तेही कार्यालयातच उरकतात. नवरीने विड्याचं एक टोक दातात धरायचं, नवऱ्याने दुसरं टोक दातांनी तोडायचं. ज्याच्या तोंडात मोठा तुकडा राहतो त्याची घरात चालते म्हणतात. मी खेळ बंद करायला सांगितला होता, पण पुष्पांजली हुशार, लोकांनी आग्रह केलाच तर असावा म्हणून तिने एक कोवळं पान, आत नुसता गुलकंद, असा विडा करून आणला होता. फुंकर मारली तरी तुटेल असा.

कॅमेरावाल्याने आवाज दिला. बायका गोळा झाल्या. पुष्पांजलीने ताटातून विडा उचलला तोच कोकिळाबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"पान कायले? आमच्याकडं खोबरं रायते," त्या म्हणाल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी सुक्या खोबऱ्याचा लांबट तुकडा काढला. वाटीतून मुद्दाम कापून आणला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेशी उभी होते. "बगू तरी, डाक्टरनीचं काम किती पक्कं हाये."

"थांबा!" मी ओरडले आणि पुढे निघाले. बँडवाले वाजवत होते, पोरी टाळ्या पिटत होत्या, खुर्च्या आडव्या होत्या. डिंपलने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. शंकररावांनी बघून न बघितल्यासारखं केलं. कोकिळाबाईंनी सुनेची हनुवटी धरली, खोबरं तिच्या पुढच्या दातांत घातलं आणि म्हणाल्या, "धर व घट्ट. सासरची लाज तुह्या दातात हाये."

हर्षल आईकडे बघत होता. माझ्या दवाखान्यात 'कळलं' म्हणालेला तोच हर्षल. आईने मान हलवली. तो वाकला, खोबऱ्याचं दुसरं टोक दाढेत धरलं आणि कॅमेऱ्याकडे डोळा ठेवून मानेला झटका दिला.

आवाजसुद्धा झाला नाही. खोबरं अख्खंच्या अख्खं हर्षलच्या दाढेत आलं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला डिंपलचे दोन दात होते. तार लोंबत होती. हर्षलने ते हातात घेतलं, बघितलं आणि फेकून दिलं. बायका हसत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या. डिंपलने हात तोंडाला लावला, बोटांच्या फटीतून रक्त पिवळ्या शेल्यावर आलं.

मी गुडघ्यावर बसून दात शोधले. "दूध आणा," मी म्हटलं, कारण हात सवयीने काम करतात. मार लागून निखळलेल्या दाताच्या मुळावर तो थर गुलाबी, ओलसर असा शिल्लक असतो. तो जिवंत असेल तर दात दुधात ठेवून परत बसवता येतो. पुष्पांजली आचाऱ्याकडून पेला घेऊन धावत आली. मी दात उजेडात धरले. मुळं पांढरी होती, स्वच्छ, सोललेली. टोकाशी कणभर काहीतरी गुलाबी होतं, उजव्या दाताला. तिथे धरायला सुरुवात झाली होती. बाकी काही नव्हतं. मी पेला परत दिला.

मी उठेपर्यंत कोकिळाबाईंनी कार्यालय ताब्यात घेतलं होतं. "पाहा बाप्पा!" त्या वऱ्हाडाकडे वळून म्हणत होत्या. "सडक्या दाताची पोरगी लपवून गयात बांधली आमच्या! आमी करावं तरी काय आता?" वडनेरची माणसं च्यक् च्यक् करत होती. डिंपलची आई भिंतीला टेकून रडत होती. शंकरराव व्याह्यांसमोर हात जोडून उभे होते. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मधे जाऊन उभी राहिले. "सडके नव्हते दात," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चांगले ठणठणीत होते. त्याला मेथीच्या जुडीचं रबर बांधलं, म्हणून गेले. आणि ते बांधलं कोणी, हे या पोरीला विचारा. डिंपल, सांग. घाबरू नको. कोणी बांधलं रबर?"

बँड थांबला होता. सगळे डिंपलकडे बघत होते. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग दारातून बाहेर पाहिलं, तिथे फुलं लावलेली गाडी उभी होती, आणि तिला त्याच गाडीत बसायचं होतं. आज रात्री, उद्या आणि त्यानंतरही तिला कुणाच्या घरात राहायचं होतं हे मला ठाऊक होतं, पण मी ते त्या क्षणी ध्यानात घेतलंच नाही. मी जिंकण्यासाठी विचारलं होतं.

तिने तोंडावरचा हात काढला. "मीच बांधलं होतं," ती म्हणाली. शब्द हवेसारखे सुटून येत होते. "मलेच घाई झाली होती. आत्याबाईनं तं नोको म्हटलं होतं."

पुष्पांजलीच्या हातातला दुधाचा पेला खाली पडला. शंकररावांनी मोठा श्वास सोडला, सुटल्याचा.

कोकिळाबाईंनी पुढे होऊन सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, आपल्या रुमालाने तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं, अगदी मायेने. मग कॅमेरावाल्याला हाताने खूण केली.

"शाहानी हाये माही सून," त्या सगळ्यांना म्हणाल्या. आणि डिंपलला हळू आवाजात, "तोंड मीट. फोटो काढून राह्यला तो."

डिंपलने तोंड मिटलं.